आमच्यानंतर त्याचं काय? हा प्रश्न त्यालाच विचारला (इंदूर)

ताई_सुदामानगर

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. आईबाबा सत्तरीच्या पुढे, घर इंदूरला सुदामानगरात, मी लग्न होऊन पुण्याला. इथे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. "लिही, पण नाव नको," म्हणाला, म्हणून या धाग्यात तो नुसता भाऊ.

आमच्याकडे दिवाळीला सगळे जमले की फराळानंतर हा विषय निघतोच. आमच्यानंतर याचं काय? त्यावर दोन उत्तरं ठरलेली. बाबा म्हणतात, ताईकडे पुण्याला जाईल. मामा म्हणतात, एखाद्या चांगल्या संस्थेत आत्ताच नाव घालून ठेवा. मग कोळवणचं साधना व्हिलेज, डोंबिवलीजवळच्या खोणीचं घरकुल अशी नावं निघतात. या जागांबद्दल मला आदर आहे, तिथे माणसं मनापासून काम करतात. माझा आक्षेप एवढाच, की ही चर्चा चालते बाहेरच्या खोलीत आणि भाऊ असतो आत, टीव्हीसमोर.

या उन्हाळ्यात मी इंदूरला आले तेव्हा आम्ही वेगळ्या पद्धतीने बसलो. व्यक्तिकेंद्रित नियोजन म्हणतात त्याला. कुठली संस्था, कुठली योजना हे नंतर. आधी माणूस बघायचा. त्याचा दिवस कसा जातो, तो कशाने खुलतो, कशाने बिथरतो, त्याला जवळ कोण हवं असतं. हे कळलं की मग कोणाची किती मदत लागेल त्याची जुळवाजुळव करायची.

कोणाला बोलवायचं हे त्यानेच ठरवलं. मी मोबाइलवरचे फोटो दाखवत गेले आणि तो बोट ठेवत गेला. आई, बाबा, मी, शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारं जोडपं, कोपऱ्यावरचे पोहेवाले भैया, आणि रोज गल्लीत येणाऱ्या कचरागाडीवरचा हेल्पर. मामांच्या फोटोवर बोट ठेवलं नाही. मामांना मी फोन करून सगळं समजावून सांगितलं, त्यांना लागलं असणार, पण यादी भाऊची होती.

रविवारी संध्याकाळी हॉलच्या भिंतीला मोठा चार्टपेपर लावला, मध्ये भाऊचा फोटो. प्रत्येकाने आधी एकच सांगायचं होतं, याच्यात आपल्याला काय आवडतं, हा काय चांगलं करतो. हेल्पर संकोचून दाराशी बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "इस गली में एक यही भैया हैं जिनका डिब्बा मुझे दोबारा नहीं देखना पड़ता." बाहेरगावच्यांसाठी सांगते, इंदुरात घरीच कचरा सहा प्रकारांत वेगळा करायचा असतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. भाऊला अक्षरओळख जेमतेम आहे. पण रिमोटचा सेल कशात टाकायचा आणि दुधाची पिशवी कशात, यात त्याचा हात अडखळत नाही. गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की तो शेजारच्या काकूंचा डबाही उचलून फाटकाशी आणून ठेवतो. हे आम्ही रोज बघतो, पण त्याला 'काम येतं' असं त्या दिवशी पहिल्यांदा कोणी म्हटलं, आणि तेही त्या कामातल्या माणसाने.

पोहेवाल्यांनी लगेच सुचवलं, समोरच्या मल्टीत चोवीस फ्लॅट आहेत, तिथे रोज कचऱ्यावरून भांडणं होतात, त्या समितीशी बोला. सकाळी डबे तपासून गाडीवर द्यायचे, महिन्याचा पगार. आईचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं याला स्वच्छ, नीटनेटका ठेवला तो कचऱ्यात हात घालायला का?" असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. हेल्पर समोर बसला होता, आणि खोलीत कोणी बोलेना. भाऊने आईकडे बघून सांगितलं, "हात नाही. ग्लोव्ह."

त्या वाक्यानंतरची पंधरा मिनिटं त्या संध्याकाळची सगळ्यात मोलाची होती असं मला वाटतं. आई रडली. मग हेल्परने तिला त्याचा दिवस सांगितला. किती वाजता डेपोत पोचतो, लोक कसे बोलतात, कुठल्या घरून पाणी मिळतं. चांगल्या घरातल्या मुलाने हे काम करावं का, हा प्रश्न आमच्या घरात खोल रुतलेला आहे आणि तो एका बैठकीत सुटला असा दावा मी करणार नाही. पण भाऊची इच्छा आता कागदावर आहे आणि ती आईच्या डोळ्यांसमोर भिंतीवर आहे.

दुसरी मोठी गोष्ट घराची. मी त्याच्यासमोर दोन फोटो ठेवले, माझा पुण्याचा फ्लॅट आणि सुदामानगरचं घर. त्याने सुदामानगरवर तळवा ठेवला. "इथे. ताई येईल." म्हणजे सगळ्यांनी गृहीत धरलेली योजना ज्याच्यासाठी होती त्यालाच ती नको होती.

आणखी चार गोष्टी मागितल्या. घराची स्वतःची किल्ली. सकाळी पोहे खायला एकट्याने जायचं. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्यावर न्यायचं नाही, आवाज सहन होत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) मात्र बघायच्या, पण काकांच्या गच्चीवरून.

सध्या एवढंच. कोणी असं काही केलं असेल तर अनुभव सांगा, आणि कायदा-पैशांच्या बाजूने कोणी जाणकार असेल तर फार मदत होईल.

देवासकरीण

वाचताना डोळे भरून आले. "ताई येईल" हे तुमच्यासाठी केवढं मोठं आहे.

विशेष_शिक्षिका

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी इथल्याच एका विशेष शाळेत शिकवते.

ही विचारपद्धत १९७०-८०च्या दशकांत अमेरिका आणि कॅनडात उभी राहिली. मोठमोठ्या निवासी संस्था बंद होत होत्या, माणसं बाहेर येत होती, पण बाहेर आल्यावरही त्यांचं आयुष्य फाइलमधल्या उणिवांच्या यादीवरूनच ठरत होतं. जॉन ओब्रायन, बेथ माउंट, मार्शा फॉरेस्ट, जॅक पिअरपॉइंट, मायकेल स्मल ही त्यातली मोठी नावं. तुम्ही भिंतीवर कागद लावलात तशीच 'पाथ' नावाची पद्धत १९९१च्या सुमारास बांधली गेली. त्यात आधी स्वप्न काढतात, मग वर्षभर पुढे जाऊन काय घडलेलं दिसतंय ते, मग आजची स्थिती, मग सोबत कोण, आणि शेवटी अगदी जवळचं पहिलं पाऊल. एक जण बैठक चालवतो आणि दुसरा चित्रं काढतो, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपली योजना बघता येते.

आमच्या शाळांत दर मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम असतो, त्याला आयईपी म्हणतो. सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने (स्थापना १९८४) तयार केलेली एफएसीपी ही तपासणी सूची बऱ्याच शाळा वापरतात. जेवण, कपडे, संवाद, पैसे, वेळ यांतलं काय येतं, कशाला मदत लागते ते त्यातून कळतं, आणि शिकवायला ते लागतंच. पण या मुलाला संध्याकाळी कोणाशी गप्पा मारायला आवडेल, हे त्या सूचीतून कळत नाही. शिवाय २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयापर्यंतचा. अठराव्या वाढदिवसानंतर मूल घरी येतं आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांसाठी कोणाकडेच कागद नसतो. माझे किती तरी जुने विद्यार्थी आज घरात नुसते बसून आहेत. त्यांना जे शिकवलं ते वापरायला जागाच मिळाली नाही, याचं मला फार दुःख आहे.

एक विचारते. भाऊला गोळ्या वगैरे आहेत का? कारण त्याला जे हवंय आणि त्याच्या तब्येतीसाठी जे लागतंय, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर याव्या लागतात. स्मल यांच्या कामाचा गाभाच तो आहे. नुसतं हवं-नको लिहिलं तर तब्येत ढासळते, आणि नुसती तब्येत बघितली तर माणूस हिरमुसतो.

ताई_सुदामानगर

हो, फिटच्या गोळ्या आहेत, दोन वेळा. सकाळची गोळी घेताना रोज आरडाओरडा व्हायचा. बैठकीत कारण कळलं, गोळी आणि नाश्ता यांत गाडी निघून जाईल ही त्याला धास्ती असायची. डॉक्टरांना विचारून सकाळच्या गोळीची वेळ गाडी गेल्यानंतरची केली, रोज तीच. आता तो स्वतः डबी आणून देतो.

निवृत्त_पोस्टमास्तर

आपला लेख वाचला. मीही एका अशाच मुलीचा बाप आहे, वय ३८. आपल्या भावना पोचल्या, तरी एक वडीलधारा म्हणून काळजी मांडतो.

हेल्पर, पोहेवाले, भाडेकरू ही परकी माणसं. आज चांगली आहेत. उद्या आईबाप नसताना याच माणसांच्या हाती किल्ली, बँकेचं पासबुक, घराचा पत्ता. आमच्या नात्यातल्या एकाकडून गोड बोलून कागदावर अंगठा घेतल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. एकट्याने रस्ता ओलांडून पोहे खायला पाठवणं माझ्या धाडसाबाहेरचं आहे. मुलं आनंदी असावीत हे खरं, पण आधी ती सुरक्षित असावीत.

चाकखुर्ची

काका, आदर ठेवून लिहितो. मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय ४२, ग्वाल्हेरला असतो, हिशेबाची कामं करतो. मला सुरक्षित ठेवण्यासाठी घरच्यांनी मला कॉलेजपर्यंत एकट्याने रिक्षात बसू दिलं नाही. त्यामुळे रिक्षावाल्याशी बोलायचं कसं, तो जास्त पैसे मागतोय हे ओळखायचं कसं, हे मी तिशीत शिकलो. तोवर मला कोणीही फसवू शकलं असतं. अंगठा ज्याचा घेतला गेला त्याला 'थांब, आधी ताईला विचारतो' म्हणायची सवय कोणी लावली होती का?

अमेरिकेत १९७२ साली रॉबर्ट पर्स्के यांनी हे मांडलं की धोका पत्करण्यातसुद्धा माणसाची प्रतिष्ठा असते, आणि सगळे धोके काढून घेतले तर माणूस वाढतच नाही. मला हे अगदी पटतं.

आणि परक्या माणसांबद्दल. टोरांटोच्या ज्युडिथ स्नो यांना हातापायांची हालचाल जवळजवळ नव्हती. तरुणपणी त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहावं लागलं, तब्येत खालावत गेली. १९८०च्या सुमारास त्यांच्या मैत्रिणी-मित्रांनी मिळून एक गट बांधला, सरकारदरबारी भांडून त्यांच्या घरी मदतनीस ठेवण्यासाठी पैसे मिळवले, आणि त्या स्वतःच्या घरात राहून पुढे अनेक वर्षं काम करत राहिल्या. २०१५ साली त्या गेल्या. आधाराचं वर्तुळ ही कल्पना जगभर पोचली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या वर्तुळात मित्रच होते. एकाच माणसावर सगळं सोपवलं की त्याने फसवलं तर कळणार कोणाला? सात जण असले की सहा जणांचं लक्ष असतं.

एक विनंती सगळ्या पालकांना. बैठकीत आमच्याबद्दल 'हा असं करतो, याला तसं आवडतं' असं आमच्या डोक्यावरून बोलू नका. आमच्याकडे बघून बोला.

केवडा

सगळं वाचते आहे. पण माझा मुलगा बोलत नाही. चोवीस वर्षांचा आहे, खाऊ घालावं लागतं, कूस बदलावी लागते. फोटोवर बोट ठेवणं त्याला जमत नाही. त्याला काय विचारू? असे धागे वाचले की वाटतं हे सगळं ज्यांची मुलं थोडंफार बोलतात त्यांच्यासाठी आहे. आमच्यासाठी नाहीच.

विशेष_शिक्षिका

केवडाताई, तुमच्यासाठी आहे, आणि आधी तुमच्यासाठी आहे. जो शब्दांनी सांगू शकत नाही त्याचं म्हणणं लिहून ठेवायची गरज सगळ्यांत जास्त.

एक वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा. पहिल्यात, आसपास काय चाललंय. दुसऱ्यात, तो काय करतो. तिसऱ्यात, आम्हाला त्याचा अर्थ काय वाटतो. चौथ्यात, अशा वेळी आपण काय करावं. उदाहरणार्थ: संध्याकाळी पाहुणे आले / मान एका बाजूला वळवून डोळे मिटतो / आवाज जास्त होतोय / आतल्या खोलीत न्यावं, पंखा लावावा. तिसऱ्या रकान्यात तुम्ही, बाबा, मावशी, फिजिओ यांचे अर्थ वेगवेगळे निघतील, तेही लिहा. हळूहळू दिसायला लागतं कोणाचा अर्थ बरोबर निघतो. आज हे सगळं ज्ञान फक्त तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही चार दिवस दवाखान्यात गेलात तर ज्या बाईंना कामावर ठेवाल त्यांना काय कळणार? ती वही म्हणजे त्याचा आवाज.

केवडा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आजपासून लिहिते.

कोर्टकचेरी

मी दिवाणी वकिली करते. कायद्याची बाजू लिहिते, लांब होईल.

१. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, दिव्यांगत्व असलं तरी. बऱ्याच घरांत हे बँकेत गेल्यावर कळतं.

२. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी जिल्ह्यातली स्थानिक समिती पालक नेमू शकते. समितीचे प्रमुख कलेक्टर, सोबत एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालक नेमला की त्याला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पोस्टमास्तरकाकांच्या काळजीवर हा खरा उपाय आहे, पण हे हिशेब मागणारं कोणीतरी घरात हवं. पालक नीट वागत नसेल तर त्याला काढताही येतं. या समितीचा दाखला बँकांनी मान्य करावा अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २००७ पासून आहे.

३. २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीलाही इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे. कलम १४ मर्यादित पालकत्वाची व्याख्या करतं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. दुसऱ्या कायद्याखाली नेमलेले पालकसुद्धा असेच मर्यादित समजायचे, असंही तिथेच म्हटलं आहे. 'सगळे अधिकार माझे' अशी समजूत करून कोणी बसू नये.

४. कलम १३ मध्येच आणखी दोन गोष्टी आहेत. मदत करणाऱ्याचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा फायदा असेल तर त्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. आणि आधाराची व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडून टाकण्याचा हक्क त्या दिव्यांग व्यक्तीचा. ताई, तुमच्या वर राहणाऱ्या जोडप्याला भाडं कमी करून रात्रीची सोबत मागायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा. भाडेकरार वेगळा, सोबतीचा करार वेगळा. पैशांचे निर्णय त्यांच्याकडे अजिबात नकोत.

५. कलम ५ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच व्यवस्थेत राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. भारताने १ ऑक्टोबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्याच्या एकोणिसाव्या कलमातला विचार इथे आला आहे. भाऊचा तळवा ज्या फोटोवर पडला त्याला कायद्याचा आधार आहे.

इच्छा विचारणं ही फक्त चांगुलपणाची बाब समजू नका. २००९ साली चंदीगडच्या एका सरकारी निवासगृहातल्या बौद्धिक दिव्यांग स्त्रीच्या गर्भपाताचा आदेश हायकोर्टाने दिला होता. तिला मूल हवं होतं. सुप्रीम कोर्टाने तिची संमती निर्णायक मानली आणि तो आदेश रद्द केला.

निवृत्त_पोस्टमास्तर

वकीलताई, हिशेबाची तरतूद मला ठाऊक नव्हती. मुलीच्या बाबतीत चौकशी करतो. चाकखुर्ची यांचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. मुलीला आज विचारलं, तुला एकटीने काय करावंसं वाटतं? म्हणाली, अन्नपूर्णा मंदिरात. फाटकापर्यंत मी जातो आणि बाहेर थांबतो, आत ती एकटी, असं सुरू करतोय.

माझ्या क्षेत्रातलं थोडं सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ज्यांचे वडील किंवा आई केंद्र सरकारी नोकरीत होते त्यांनी दिव्यांग मुलाचं नाव आपल्या हयातीतच पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशपत्रात) घालून घ्यावं. असं मूल कमवून स्वतःचं भागवू शकत नसेल तर त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. २०२१ पासून उत्पन्नाची अट शिथिल झाली: मुलाचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, महागाईसकट, कमी असलं तरी चालतं. मानसिक दिव्यांगत्व असेल तर पैसे कोणाच्या हाती द्यायचे त्याचं नामनिर्देशनही आधीच करून ठेवावं. मागे राहिलेल्यांना कोर्टाच्या दाखल्यासाठी हिंडावं लागत नाही. माझ्या कित्येक सहकाऱ्यांनी हे 'नंतर बघू' म्हणून ठेवलं आणि राहून गेलं.

उज्जैनकर

निरामय विमा पण घ्या, राष्ट्रीय न्यासाची योजना आहे, एक लाखापर्यंत संरक्षण, थेरपीसुद्धा धरतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढा, पुढे सगळीकडे तेच मागतात. आयकरात दिव्यांग नातेवाइकाला सांभाळणाऱ्याला जुन्या पद्धतीत वजावट मिळते: ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख.

वडोदऱ्याहून

दांडियाबाजारात राहते, भाचीसाठी आम्ही असंच केलं होतं. पहिल्या बैठकीला खूप जण आले, चार्ट सुंदर झाला, मग एकेक गळत गेले. लोक वाईट नसतात, विसरतात. पुढची तारीख ठरवल्याशिवाय उठू नका एवढंच सांगेन.

ताई_सुदामानगर

वडोदऱ्याहून, म्हणूनच आम्ही दर संकष्टीला भेटायचं ठरवलंय. काकूंचा उपास असतोच, चंद्रोदयापर्यंत सगळे जागे असतात, आणि कॅलेंडरवर तारीख आधीच छापलेली असते. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असते. भाऊ स्वतः आदल्या दिवशी जाऊन सगळ्यांना सांगून येतो, त्यामुळे कोणी विसरत नाही.

आता काय काय झालं ते लिहिते. किल्ली दिली. बाबांना गॅसची भीती होती, म्हणून भाऊसाठी इंडक्शन घेतलं, आपोआप बंद होणारं, आणि घरी कोणी नसेल तेव्हा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. पोह्यांना जाताना पहिले काही दिवस वरचा दादा मागून अंतर ठेवून चालला. आता पोहेवाले भैया भाऊ पोचला की बाबांना एक मिस्ड कॉल देतात. भाऊ पैसे स्वतः देतो. एकदा पाचशेची नोट घेऊन गेला तर भैयांनी सुटे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि त्याच्याकडूनही मोजून घेतले. हे मी फोनवर ऐकलं आणि मला कितीतरी हायसं वाटलं.

मल्टीच्या समितीत दोन मतं आहेत. एक काका म्हणाले, पगार कशाला, त्याचा वेळ चांगला जाईल तेवढं पुरे. बाबांनी ठाम सांगितलं, इतरांना ज्या दराने देता त्याच दराने, आणि खात्यात. आई त्यावर काही बोलली नाही, पण तिने बाजारातून जाड रबरी हातमोजे आणले आहेत, त्याच्या मापाचे, दोन जोड.

चाकखुर्ची

ताई, पगाराच्या बाबतीत एक पैसा सोडू नका. फुकट काम करणाऱ्याला लोक हक्काने राबवतात आणि मदत केल्याचं पुण्यही स्वतःकडे घेतात. शिवाय सुट्टीचा दिवस ठरवून घ्या. आणि भाऊला कंटाळा आला तर सोडायची मुभा असू द्या, कोणीही 'एवढं मिळवून दिलं' असं ऐकवायचं नाही.

केवडा

वहीची सात पानं झाली. एक लिहायचंच आहे. रोज दुपारी चारच्या सुमारास तो पाय ताणतो आणि आवाज काढतो. आम्ही दुखतंय समजून तेल लावायचो. फिजिओच्या बाई म्हणाल्या, त्या वेळी खाली शाळेची बस येते, बघा जरा. खुर्ची खिडकीशी नेली. मुलं उतरेपर्यंत तो एकटक बघत होता आणि आवाज बंद. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता चारला खिडकी, हे चौथ्या रकान्यात लिहिलंय.

विशेष_शिक्षिका

केवडाताई, आता पुढची पायरी. त्या बसमधल्या एखाद्या मुलाला किंवा बाईंना वर बोलावता येईल का? त्याचं वर्तुळ तिथून सुरू होऊ शकतं. आणि त्याची मदतीची गरज मोठी आहे तेव्हा २०१६च्या कायद्याचं कलम ३८ बघा, उच्च आधाराची गरज असलेल्यांनी त्याखाली अर्ज करायचा असतो. त्या अर्जाला ही वही जोडता येईल.

कोर्टकचेरी

विशेष_शिक्षिका यांना अनुमोदन. वहीच्या पानांवर तारखा घाला.

ताई, तुमच्याकडे मर्यादित पालकत्वाचा अर्ज करायचा ठरला का? घर बाबांच्या नावावर आहे की दोघांच्या? मृत्युपत्रात भाऊला राहण्याचा हक्क आणि खर्चासाठी खाजगी न्यास असं दोन्ही करता येतं, पण त्याचे विश्वस्त तेच भाडेकरू नकोत आणि एकट्या तुम्हीही नकोत.

ताई_सुदामानगर

घर दोघांच्या नावावर आहे. विश्वस्त म्हणून मी, काकू आणि बाबांच्या बँकेतले एक जुने मित्र असं बोलणं झालंय. मित्रांना भाऊ ओळखतो, फोटोवर बोट ठेवलं त्याने. काकूंच्या वयाचा प्रश्न आहे, म्हणून त्यांच्या सुनेला आत्तापासून बैठकीत घेतोय.

पालकत्व फक्त बँक आणि दवाखान्याच्या मोठ्या निर्णयांपुरतं मागायचं ठरलंय. पालक नेमणाऱ्या स्थानिक समितीची पुढची बैठक कधी हे ऑफिसात कोणी नीट सांगेना, तेव्हा येत्या मंगळवारी बाबा आणि भाऊ दोघं मोती तबेल्याला, कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईत जातायत. अर्जात भाऊला काय हवंय हे पहिल्या परिच्छेदात घातलंय आणि चार्टचा फोटो जोडलाय. त्याची सही त्याने तीन कागदांवर गिरवून मग चौथ्यावर केली. कोर्टकचेरीताई, मसुदा आज संध्याकाळी व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवते, एकदा नजरेखालून घाला.